शिप मॉडेलिंग की एरोमॉडेलिंग: कॅडेटना रविवारी काय करायला द्यायचं?

ओळखीच्या एका एनसीसीच्या सरांचा परवा फोन आला. ट्रूप आर्मीचा, पोरं रविवारी परेड संपली की समोसा खाऊन पांगतात, तर त्यांना हाताने काहीतरी करायला द्यायचंय, जहाजं घेऊ की विमानं? नेव्हल नाहीतर एअर विंगवाल्यांना हा प्रश्न पडत नाही, नौसैनिक कॅम्पला जहाजं आणि वायुसैनिक कॅम्पला विमानं हे त्यांचं ठरलेलंच असतं. मी योगायोगाने दोन्ही केलंय, शाळेत असताना रत्नागिरीत नेव्हलला होतो आणि कॉलेजात पुण्यात एअरला, त्यामुळे सांगतोय ते आठवणीतून, मोजमाप वगैरे काही केलेलं नाही.

जहाजाचं आधी, कारण माझा त्याच्यावर थोडा राग आहे. पण शिकायला मिळतं हे खरं. आम्ही आयएनएस मुंबई ही नौदलाची युद्धनौका घेतली होती १:२०० ला, खरी १६३ मीटर लांब म्हणजे आमची साडेएक्क्याऐंशी सेंटीमीटर. फळ्यावर हे गणित मांडलं तेव्हा सगळे जांभया देत होते, पण डेकवरचं मीटरभराचं रेलिंग ५ मिलिमीटरचं निघालं आणि त्यासाठी टाचण्या कापत बसायला लागलं तेव्हा ड्रॉइंग परत नीट बघितलं गेलं. सुतारकामाची आवड असलेला पोरगा यात रमतो, नाही म्हणणार नाही.

वैताग आला तो लांबीचा, म्हणजे लाकडातले खड्डे बुजवायच्या पुट्टीचा. फळ्या एकावर एक चिकटवून, तासून बुडाचा आकार काढला की त्यावर लांबी भरायची, वाळू द्यायची, पॉलिश पेपर मारायचा, प्रायमर मारायचा, की लगेच नवीन खड्डे दिसतात आणि परत लांबी. आता हे रत्नागिरीत, जुलैमध्ये. रविवारी भरलेली लांबी बुधवारीसुद्धा नखाला लागायची. त्यात जहाज एकच आणि आम्ही अकरा जण, दोघं घासणार आणि बाकीचे नऊ बाकावर बसून ती वाळायची वाट बघणार. ऑगस्टपर्यंत आम्ही चारच उरलो होतो. शेवटी ऑक्टोबरात टाकीत सोडलं तर डावीकडे कललं, एका बाजूला लांबी जास्त झाली होती म्हणे, म्हणजे जुलैची चूक आम्हाला ऑक्टोबरात कळली. मग मिरकरवाड्यातून जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणून आतून उजवीकडे तळाला चिकटवल्या तेव्हा कुठे सरळ झालं.

विमानाचं उलटं. हातातून सोडायचा साधा ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, तीन सेकंदांत सांगतो काय चुकलं ते. नाक वर करून थबकला आणि पडला तर शेपूट जड, थोडी माती नाकाला लावा, सरळ जमिनीत घुसला तर माती काढा. तोल पंखाच्या रुंदीत पुढून साधारण एक तृतीयांशावर आला की बऱ्यापैकी जमतं, आणि पंखांची टोकं थोडी वर उचललेली ठेवली की कललेला ग्लायडर आपोआप सावरतो. पोरं जोर लावून वर भिरकावतात, तसं नाही, समोर किंचित खाली बघत अलगद सोडायचा. माझा पहिला दुसऱ्याच फेकीला नाकात मोडला, फेविक्विक लावलं आणि त्याच संध्याकाळी परत उडवला. आणि प्रत्येकाला स्वतःचा, वाट बघत कोणी बसत नाही.

कटकटी इथेही आहेत. बाल्सा, म्हणजे ज्याचा ग्लायडर करतात ते हलकं लाकूड, लहान गावात मिळत नाही, कुरियरने मागवला तर कोपरे चेपून येतो, आणि पंखाचे रेषे आडवे कापले तर पंख हातातच तुटतो. थर्माकोल चालतो पण त्याला फेविक्विक लावू नका, भोक पडतं, फेविकॉलच घ्या. दहानंतर वारा सुटला की अर्धे ग्लायडर शाळेच्या पत्र्यावर. इंजिनवाले, तारेवर गोल फिरवायचे, ते मला सगळ्यात आवडायचे पण मेथेनॉलचं इंधन आणि प्रोपेलरजवळ बोटं, त्यामुळे पहिल्या वर्षी तरी नको. ड्रोनचं सरांनी विचारलंच, म्हटलं आधी पोरांना तोल कळू दे.

एक मात्र जहाजाच्या बाजूने बोलायला हवं. इन्स्पेक्शनला साहेब आले की काचेच्या कपाटातलं जहाज दाखवता येतं, ग्लायडर वर्षअखेरीला एकही धड नसतो. सरांना त्याचीही काळजी असणार, त्यामुळे कदाचित त्यांचं मत वेगळं पडेल, तसं झालं तर माझी हरकत नाही.

मी तरी त्यांना ३ मिलिमीटर बाल्साच्या सहा शीट, भरपूर ब्लेड आणि मूठभर माती एवढीच यादी पाठवलीय. जहाज करायचंच असेल तर लांबीचा डबा दिवाळीनंतर उघडा म्हटलं.