साडेसहाशे रुपयांची व्हिजिट आणि डग्ग्याचा घुमारा

साडेसहाशे रुपये व्हिजिट चार्ज भरून घरच्या स्पीकर सेटचा आवाज होता त्याहून बिघडला, म्हणून लिहायला बसलो. मॉडेल, वॅट सगळ्यांना पाठ आहेत. दोन बुकशेल्फ म्हणजे छोटे स्पीकर, एक सबवूफर म्हणजे फक्त खालच्या सुरांचा, बासचा डबा, सात महिने रोजचा वापर.

पहिल्या दिवसापासून तक्रार एकच, डग्गा. थाप पडली की खोलीभर नुसतं घूंऽऽ, बोल कळेना. सर्व्हिसवाल्याने नवीन वायरी टाकल्या, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या रूमचाच प्रॉब्लेम आहे." डोकंच फिरलं. तो गेल्यावर बास पातळ, आणि गाणाऱ्या बाईचा आवाज मधोमध सोडून दोन्ही भिंतींवर सांडलेला.

नव्या वायरीच्या दोन्ही तारा एकाच रंगाच्या, तिथेच शंका आली. अ‍ॅम्प्लिफायरकडची टोकं सोडवली, घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढून क्षणभर टेकवला. उजवा वूफर, म्हणजे स्पीकरचा मोठा पडदा, बाहेर आला, डावा आत गेला. डाव्याच्या तारा उलट जोडलेल्या! बदलल्या, बाई मध्ये येऊन उभी राहिली.

डग्गा मात्र तसाच. मग टेप काढली. खोली ११ फूट, म्हणजे ३.३५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला लांबीच्या दुपटीने भागलं तर ५१ हर्ट्झ. तेवढा सूर दोन भिंतींत अडकून फुगतो आणि सगळ्यात जास्त भिंतीलगत, जिथे आमचा सोफा. म्हणजे सर्व्हिसवाला बरोबर बोलला होता. पैसे तरी जास्तच घेतले.

मग उलटा प्रयोग: ऐकायच्या जागी, सोफ्यावर, सबवूफर ठेवला, बासचा एकच तुकडा लावून भिंतीकडेने रांगत कान लावत फिरलो. आई म्हणाली, "काय हरवलंय रे?" कोपऱ्यापासून तीन फुटांवर सूर सुटे ऐकू आले, सबवूफर (सब) तिथेच ठेवला. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचे सूर सबकडे. सोफा दीड फूट पुढे घेतला, घरात दोन दिवस अबोला. पण आता डग्ग्याची मींड चक्क ऐकू येते. पैसे वसूल.

एक गोष्ट मात्र माफ नाही, ऑटो स्टँडबाय, म्हणजे सिग्नल कमी झाला की सब आपोआप बंद. रात्री हळू आवाजात आलाप चालू असला की सब झोपतो. तबला सुरू होतो तेव्हा पहिल्या समेला डग्गा गायब, मग 'थप्' करून जाग येते. बंद करायला बटणच नाही! चौदा हजार घेतले, एक बटण देता येईना. अ‍ॅम्पमधून सबकडे जाणारा सिग्नल चढवून सबच्या मागची आवाजाची खुंटी (गेन) तेवढीच उतरवली, तर झोप जरा उशिरा लागते, इतकंच.

काल साडेअकराला पुन्हा थप्. आतून आई, "दार वाजलं का रे?"