संत बार्थोलोम्यूची प्रत: चित्र जबर, मढवणं कच्चं

स्पॅनिश चित्रकार रिबेराच्या १६२४ च्या एचिंगची (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून काढलेल्या ठशाची) ही डिजिटल प्रत. जल्लाद सुरी दातांत धरून येशूच्या या शिष्याच्या, संताच्या हाताची कातडी सोलतोय. नेमक्या तिथल्याच बारीक रेषा काळ्या डागात बुडाल्यात. भिंगातून ठिपके दिसले की समजा यंत्रावरची छपाई. तांब्याच्या पत्र्यावरून काढलेल्या ठशात रेषा सलग असते, शाई किंचित उठलेली.

तालुक्याच्या फ्रेमवाल्याचे सांधे चोख. पण कागद सगळाच गोंदाने चिकटवलाय, वर काच थेट टेकलेली. मे महिन्यात कागद आखडतो, आषाढात फुगतो, अन् लाटा पडतात. फक्त वरच्या कडेला कागदी पट्टीचे दोन टेके द्यायला सांगा, दोन इंची माउंट (चित्र अन् काचेमधली जाड कागदाची चौकट) घाला. मागे पुठ्ठ्याऐवजी सनबोर्ड, म्हणजे फोमसारखा हलका प्लास्टिकचा बोर्ड. पुठ्ठ्याला उधई लागते.