‘फॅक्टरी पेंट’ सांगून गळ्यात मारलेली बीटल

‘रंग कंपनीचाच आहे, एकदाही हात लावलेला नाही.’ जुन्या गाड्यांच्या व्यवहारात या वाक्याला जेवढा भाव आहे तेवढा इंजिनालाही नाही. इंजिन पुन्हा बांधता येतं, सीट पुन्हा शिवता येतात, पण कारखान्यातला रंग एकदा खरवडला की गेलाच. म्हणूनच या वाक्यावर फसवणूकही जोरात चालते. मला १९६६ मॉडेलची फोक्सवॅगन बीटल याच वाक्यावर विकली गेली.

विकणाऱ्याने दाखवलेले पुरावे पाहण्यासारखे होते. पुढच्या डिकीत स्टेपनीजवळ रंगाच्या कोडचा कागदी स्टिकर होता, पिवळट पडलेला, कोपरे उडालेला. त्यावर एल ४५६, म्हणजे फोक्सवॅगनचा रूबी रेड. गाडीही लालच. वर ऊन खाऊन मंद झालेला रंग, मडगार्डच्या माथ्यावर आणि दाराच्या हँडलभोवती घासून पातळ झालेले ठिपके. मग त्याने रंगाची जाडी मोजणारा मीटर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “तुम्हीच लावून बघा.” टपावर आणि बॉनेटवर शंभर-एकशेवीस मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आले. कारखान्यातला रंग साधारण एवढाच असतो. चासिस नंबर मागच्या सीटखाली, तळाच्या मधल्या बोगद्यासारख्या उंचवट्यावर ठोकलेला, ११६ ने सुरू होणारा. फोक्सवॅगनच्या त्या काळच्या पद्धतीत पहिले दोन आकडे गाडीचा प्रकार सांगतात आणि तिसरा मॉडेलचं वर्ष. पुढच्या पाटीवरही तोच नंबर. सगळं जुळत होतं.

नंबर खराच होता. खोटा होता तो रंग. आणि ही सगळ्यात घातक मिसळ असते, कारण एक खरी गोष्ट तपासून झाली की माणसाचा बाकीच्या गोष्टींवरही विश्वास बसतो.

गाडी घरी आल्यावर स्पीडोमीटर अडकत होता म्हणून तो डॅशबोर्डमधून काढला. बीटलचा डॅशबोर्ड पत्र्याचा, गाडीच्याच रंगाचा. स्पीडोमीटरच्या कड्याखाली, भोकाभोवती, जेमतेम बोटभर रुंदीची एक गोल पट्टी राहिली होती. पांढरी! स्वच्छ, गुळगुळीत, साईच्या रंगाची. तिच्या काठावर लाल रंग पायरीसारखा थांबलेला, नख अडकेल इतका. पेंटरने स्पीडोमीटर न काढता त्याच्याभोवती टेप लावून फवारा मारला होता.

मग दाराची आतली पुठ्ठ्याची बाजू उतरवली. आत खालच्या अर्ध्या भागात पांढरा रंग, आणि वायरवर लाल धुरळा. दाराच्या कडेला एक टवका उडालेला होता, तो भिंगाखाली धरला. वरून खाली क्रम असा: लाल, करडा प्रायमर (रंगाखालचं अस्तर), पांढरा, मग कंपनीचा प्रायमर, मग पत्रा. कारखान्यातून आलेल्या गाडीत लालच्या खाली थेट प्रायमर दिसायला हवा. मध्ये दुसरा रंग दिसला की पुढे बोलण्यासारखं काही राहत नाही.

मीटरने मला खोटं सांगितलं नव्हतं, पण तो फक्त जाडी सांगतो, वय नाही. टप आणि बॉनेट पत्र्यापर्यंत खरवडून, मग बेताने पातळ रंग मारला तर आकडा कंपनीसारखाच येतो, आणि त्याने मीटर तिथेच लावायला दिला होता. नंतर मी दाराच्या खालच्या भागावर आणि मागच्या मडगार्डच्या आतल्या वळणावर लावला. सहाशेच्या वर. म्हणजे लांबी, पोचे बुजवायची लुकण, भरलेली. एवढा जाड थर कंपनी देत नाही.

मंद झालेल्या रंगाचंही तसंच. त्या काळचा साधा, चमकी नसलेला बीटलचा रंग हाच सगळ्यात वरचा थर असायचा, त्यावर पारदर्शक क्लिअर कोट नसायचा. असा जुना रंग कंपाउंडने, म्हणजे पॉलिशच्या खरखरीत पेस्टने, चोळला की कापडावर रंग उतरतो आणि चमक परत येते. माझ्या गाडीवर कापड कोरंच राहिलं. म्हणजे वर मॅट क्लिअर कोट मारलेला होता आणि ‘ऊन खाल्लेपणा’ डब्यातून आलेला होता. घासलेल्या ठिपक्यांमध्येही भिंगाखाली एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसल्या, पॉलिश पेपरच्या. हात आणि ऊन अशा रेघा ओढत नाहीत. शिवाय खरी झीज वरच्या, सपाट भागांवर जास्त असते. इथे ती खालच्या कडांवरही तेवढीच होती, जिथे ना ऊन पडतं ना हात लागतो.

स्टिकर तर जवळून पाहिला की उघडच होता. अक्षरांच्या कडा इंकजेटच्या शाईच्या ठिपक्यांनी फुटलेल्या. आणि कागदाखालीही लाल रंगाचा नवा थर. म्हणजे स्टिकर रंगानंतर चिकटवलेला, आणि जुना भासेल इतका भिजवून, खरवडून लावलेला.

जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या श्टिफटुंग ऑटोम्युझियम फोक्सवॅगन या संग्रहालयाकडे चासिस नंबर देऊन प्रमाणपत्र मागवता येतं. त्यात गाडी कधी तयार झाली, कोणत्या रंगात आणि कुठे पाठवली हे कळतं. माझ्या गाडीचा मूळ रंग निघाला पर्ल व्हाइट, एल ८७. म्हणजे कागदावरही तीच पांढरी पट्टी.

विकणाऱ्याला फोटो पाठवले तेव्हा त्याने सरळ सांगितलं, “ओरिजिनल म्हणजे गाडी पूर्ण आहे, असं म्हणालो होतो.” पावतीवर बघितलं तर तिथे फक्त ‘लाल रंगाची बीटल’ लिहिलेलं. तोंडी बोललेलं सगळं त्याने कागदाबाहेर ठेवलं होतं. मला याचाच सर्वांत जास्त राग येतो, कारण यावरून दिसतं की त्याला आधीपासून ठाऊक होतं.

म्हणून जुनी बीटल बघायला जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ज्या जागा विकणाऱ्याने दाखवल्या त्या सोडून बाकीच्या बघा. दाराच्या पुठ्ठ्यामागे, मडगार्ड आणि बॉडीच्या मधल्या पट्टीखाली (तिच्यावर फवारा असेल तर रंग नंतरचा आहे), खिडकीच्या रबराच्या घडीत आणि डॅशबोर्डच्या मागून. यासाठी स्क्रू काढायला कोणी ‘नाही’ म्हटलं तर तिथेच थांबा. प्रमाणपत्र बयाणा देण्याआधी मागवा, नंतर नाही. आणि पावतीवर ‘रंग कारखान्याचा आहे, पुन्हा रंगवलेली नाही, चुकीचं निघाल्यास व्यवहार रद्द’ हे लिहून, सही करून घ्या. हे लिहायला ज्याचा हात थांबेल, त्याच्याकडून गाडी घेऊ नका.