क्लाइंबिंग शूज, अख्खा सीझन वापरून: रबर झकास, टाचेमागचा लूप भंगार

ब्रँडचं नाव लिहीत नाही, कंपनीशी मेलामेली अजून चालू आहे. दोन वेलक्रो, फ्लॅट शेप, चामड्याचा अप्पर, 4 मिमी रबर, बाकी स्पेक तुम्हाला माहितीच असतील. साडेसहा हजार मोजले. घरी चार हजार सांगितलेत, हे वाचून कोणी बोलू नका.

झालं असं की मनमाडजवळच्या हडबीच्या शेंडी या सुळक्यावर आमची टीम वर पोचली, मागचे दोघं यायचे होते. वर बसल्यावर सगळेच काढतात तसे मी पण शूज काढले, लूपमध्ये कॅरॅबिनर (उघडमिट होणारी धातूची कडी) घातला आणि अँकरच्या स्लिंगला, म्हणजे कातळात पक्क्या केलेल्या पट्टीला, लटकवले. थोड्या वेळाने टर्र असा आवाज आला, बघतो तर कॅरॅबिनरला नुसता लूप आणि डावा बूट खाली निघालेला. रॅपलिंग करून खाली आलो ते एका पायात बूट, एका पायात मोजा. दुपारचा काळा कातळ कसा तापतो ते ज्याला माहितीये त्याला माहितीये. बूट घसाऱ्यात सापडला, त्याला ओरखडासुद्धा नाही! म्हणजे बूट पडूनही शाबूत राहतो आणि बुटाचंच वजन त्या लूपला झेपत नाही. येवल्याची पैठणी घेऊन तिला फॉल कच्च्या दोऱ्याने लावावा तसला प्रकार आहे हा.

कस्टमर केअरला फोटो पाठवले. पहिलं उत्तर, "लूप लटकवण्यासाठी नसतो." बरं, मग कशासाठी असतो? ओढून पाय आत घालायला. अहो, घट्ट बूट घालताना मी दोन बोटं अडकवून सगळी ताकद लावतो, ती बुटाच्या वजनापेक्षा कमी आहे का? दुसरं उत्तर त्याहून भारी, खडबडीत पृष्ठभागावर वापर केल्याने झालेली झीज वॉरंटीत बसत नाही. रॉक क्लाइंबिंगचा बूट रॉकवर वापरला म्हणून वॉरंटी गेली. पॉलिश केलेल्या फरशीवर चढायचं का मग?

लूप उसवायला आधीपासूनच लागला होता. चिमणी क्लाइंब करताना, म्हणजे दोन कातळांच्या फटीत पाठ एकीकडे आणि पाय दुसरीकडे रेटून वर सरकताना, एक पाय पाठीमागच्या भिंतीला दाबावा लागतो आणि तिथे टाच घासते. सह्याद्रीतला बेसॉल्ट काही गुळगुळीत नाही. लूपची शिलाई एकाच ओळीची आणि ती पण बाहेरून, रबराच्या वर. एक इंच खाली, रबराच्या आत घेतली असती तर काय बिघडलं असतं? हे मी त्यांना बाणबिण काढून, आकृतीसकट पाठवलंय. उत्तर नाही.

आता इथपर्यंत वाचून वाटेल की बूट टाकाऊ आहे. मी पण तेव्हा रागात एक स्टार देऊन मोकळा झालो होतो, पण नंतर वापरत गेलो तसं मत बदललं.

अंजनेरीच्या पायथ्याचे धोंडे आहेत तिथे बोल्डरिंगला नेले. दोर नाही, पडलं तर खाली क्रॅश पॅडची गादी, चार-पाच मूव्हचा खेळ. तिथे अंगठ्याखाली करंगळीएवढी कड मिळाली तरी रबर धरून ठेवतं. थंडीत सकाळी तर मस्तच, कारण रबर गार असताना टणक राहतं आणि कडेवर वाकत नाही. एप्रिलमध्ये त्याच कडेवरून पाय सरकायला लागला. यात बुटाची चूक नाही. पावसाळ्याचं विचारू नका, शेवाळावर कुठलंच रबर चालत नाही.

मात्र ओव्हरहँगवर, म्हणजे अंगावर झुकलेल्या कातळावर, फ्लॅट शेप कमी पडतो. पुण्याला मेव्हण्याकडे गेलो की तिथल्या क्लाइंबिंगच्या कृत्रिम वॉलवर जातो, तिथली पोरं पुढून वाकलेल्या शूजनी होल्ड पायाने अक्षरशः आत ओढतात, आपला पाय मात्र सुटतो. पण ते वाकडे शूज घालून सुळक्यावर अर्धा दिवस काढून दाखवा म्हणावं. आपल्याकडे बऱ्याच सुळक्यांवर मधला टप्पा एड क्लाइंबिंगचा असतो, बोल्टला एट्रियर (पट्टीची छोटी शिडी) लावायचा, त्याच्या पायरीवर उभं राहायचं आणि पुढचा बोल्ट गाठायचा. त्या पट्टीवर उभं राहून तळवा असा दुखतो की बास. हे शूज त्यात बरे, कारण चामडं हळूहळू पसरलं आणि आता बोटं सरळ राहतात. सुरुवातीला मात्र नखं काळी पडली होती. लीडला (दोर खालून सोबत नेत पहिलं चढताना) आणि टॉप रोपला (दोर वरून असताना) काही तक्रार नाही. फटीत नट आणि फ्रेंड (दोर अडकवायची धातूची साधनं) लावत जायची ट्रॅड चढाई मी फारशी केलेली नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही. आणि पॅरिस 2024 बघून आमचा चुलतभाऊ विचारतो, 15 मीटरची भिंत पाच सेकंदांच्या आत चढतात ते बूट हेच का. नाही बाबा, आणि तुझ्याने ते पंधरा मिनिटांत पण व्हायचं नाही.

लूपचं पुढे काय झालं? रविवार कारंजाजवळ चपला शिवणाऱ्या काकांकडे नेले. त्यांनी बूट उलटासुलटा केला, वास घेतला (तेवढं टाळायला हवं होतं), म्हणाले, "पोराचा आहे का? एवढा लहान?" मग लूप आत सरकवला, मेण लावलेल्या नायलॉनच्या दोऱ्याने आरी घालून दोन ओळी शिवल्या, वरून सोल्यूशन. चाळीस रुपये. उजव्या पायाचा पण करून घेतला, ऐंशी. आता दोन्ही लूपना धरून मी पाण्याची भरलेली बाटली टांगून बघितली, हलले नाहीत.

तर घ्यायचे का? घ्या, पण ऑनलाइन नको. दुकानात जाऊन, मोजे न घालता, संध्याकाळी पाय फुगलेले असताना घालून बघा आणि लूपची शिलाई दुकानदारासमोरच जोरात ओढा, तोंड वाकडं केलं तर करू दे. सोल पुढून पातळ झाला की बाजूच्या रँडपर्यंत (सोलच्या वरची रबराची पट्टी) झिजायच्या आत रिसोल करा, म्हणजे नवा सोल लावून घ्या, रँड गेला की खर्च वाढतो. माझा डावा त्या वाटेवर आहे.

काल कंपनीने सदिच्छा म्हणून दहा टक्के सवलतीचं कूपन पाठवलंय, पाच हजारांच्या वरच्या खरेदीवर, महिनाअखेरीपर्यंत. कोणाला हवं असेल तर मेसेज करा, मी वापरणार नाही.