सरळ चढावरचा देखावा आणि मुका ट्रॅक्शन कंट्रोल

जुन्या फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ओढ मिळणाऱ्या) गाडीचा इलेक्ट्रॉनिक ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे नुसते गरगरणारे चाक आवरणारी यंत्रणा, चालू आहे, हे पुण्यातील एका विक्रेत्याने मला सूसजवळच्या मुरमाच्या चढावर ‘सिद्ध’ करून दाखवले. गाडी फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये, टाकून त्याने चढ सहज पार केला आणि ‘ट्रॅक्शन कंट्रोल ओके’ असा संदेशही व्हॉट्सअॅपवर पाठवला. मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन व्यवहार पूर्ण झाला.

मेख अशी की, सरळ चढावर चारही चाके जमिनीला टेकलेली असली, तर या यंत्रणेला फारसे कामच पडत नाही. तेथे गाडी फोर-लोच्या जोरावरच चढते. साधे डिफरेन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते, त्यामुळे एक चाक हवेत लटकले की ते नुसते गरगरते आणि जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे नगण्य, टॉर्क मिळतो. अशा वेळी एबीएसचे (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर चाकांच्या वेगातील फरक ओळखतात, गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लागतो आणि त्या अडथळ्यामुळे दुसऱ्या चाकाला ओढ मिळते. खरी चाचणी म्हणूनच आलटून-पालटून असलेल्या खड्ड्यांत, पुढचे एक आणि मागचे त्याच्या तिरक्या बाजूचे चाक अधांतरी करून, अॅक्सिलरेटर हलका पण स्थिर ठेवून करावी लागते; यंत्रणा जिवंत असेल तर एबीएसच्या पंपाची घरघर ऐकू येते आणि गाडी पुढे सरकते. मागे यांत्रिक लॉक (दोन्ही चाके एकत्र फिरवणारी सोय) असेल तर गाडी त्याच्यामुळेही निघू शकते, तेव्हा नजर पुढच्या चाकांवर ठेवावी.

मुळशीतील चिखलाच्या वाटेवर माझ्या गाडीची दोन चाके अशी लटकली, तेव्हा ती फिरतच राहिली आणि घरघर काही आली नाही. ट्रॅक्टरने ओढून काढलेली गाडी नंतर मेकॅनिकने स्कॅनरला जोडली, तर एबीएसचे मॉड्यूल, म्हणजे त्याचा नियंत्रक संगणक, उत्तरच देईना. त्याचा फ्यूजच काढून ठेवलेला होता आणि नवा घातल्यावर पंप निकामी असल्याचा दोष नोंदला गेला. फ्यूज नसताना खरे तर मीटरवरचा एबीएसचा दिवा सतत पेटून राहायला हवा होता. मीटर उघडल्यावर कळले की तो दिवा बॅटरी चार्जिंगच्या दिव्याला जोडलेला होता, म्हणजे चावी फिरवली की पेटायचा आणि इंजिन सुरू झाले की विझायचा. ही कारागिरी ओळखता येते: बहुतेक गाड्यांत एबीएसचा दिवा इंजिन सुरू न करताही काही सेकंदांत आपोआप विझतो, चार्जिंगचा मात्र इंजिन सुरू होईपर्यंत पेटलेला राहतो. स्कॅनरही एबीएसचे मॉड्यूल वाचणारा हवा. स्वस्तातली बरीच उपकरणे फक्त इंजिनचे दोष दाखवतात. शिवाय ओल्या घाटात एबीएसविना आपण गाडी चालवत होतो, हे कळल्यावर पैशांपेक्षा त्याचाच संताप अधिक आला.

विक्रेत्याने ‘गाडी आहे त्या स्थितीत विकली’ या करारातील ओळीकडे बोट दाखवले. परंतु त्याचा धंदाच गाड्या विकण्याचा असल्याने ग्राहक संरक्षण कायदा २०१९ त्याला लागू होतो, आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. खासगी मालकाकडून घेतलेल्या गाडीला हा मार्ग सहसा उपलब्ध नसतो. व्हॉट्सअॅपवरचा संदेश, स्कॅनरचा अहवाल आणि उघडलेल्या मीटरची छायाचित्रे जोडून मी त्याला वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे.