फ्रीरेग वापरून नॉरफोकच्या एका खेड्यात सासरचे पूर्वज शोधताना

सासूबाईंचं माहेर इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातलं. एक जुनं चर्च, एक मोठी शेतवाडी आणि लांब लांब पसरलेली घरं, एवढंच गाव. त्यांच्या घराण्याची माहिती काढायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं आणि तेव्हापासून फ्रीरेग ही साइट जवळजवळ रोज उघडते. जुन्या पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावभाग) रजिस्टरांमधले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं स्वयंसेवकांनी वाचून इथे टाइप करून ठेवली आहेत आणि शोधायला पैसे पडत नाहीत. माझं मत आधीच सांगून टाकते: सुरुवातीला याच्यासारखी दुसरी जागा नाही, पण लहान गावात नुसत्या हिच्या जोरावर वंशावळ उभी करू नका.

सगळ्यात आवडलं ते हे, की अक्षर लागलं नाही तर ओढूनताणून नाव ठोकून देत नाहीत. एखादं अक्षर वाचता आलं नाही तर तिथे खाली रेघ (_), जास्त गेली असतील तर चांदणी (*). आडनावाच्या मध्येच चांदणी दिसली की समजायचं, मूळ पान बघायला हवं. आडनावाची जागा रिकामी ठेवून फक्त पहिलं नाव आणि गाव टाकूनही शोधता येतं. हे फार कामाचं आहे, कारण आडनावाचं स्पेलिंग तेव्हा पाद्रीच्या कानावर असायचं. सांगणाऱ्याला बहुधा लिहिता येत नसे. केझाया नावाची बाई शोधत असाल तर नशीबवान आहात. जॉन, विल्यम, मेरी, अ‍ॅन असतील तर देवच वाली!

शोधण्याआधी त्या चर्चची कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंतची रजिस्टरं टाइप झाली आहेत ते बघा. नोंद सापडली नाही म्हणजे माणूस नव्हता असं नाही. कित्येकदा ते रजिस्टर अजून कुणी टाइपच केलेलं नसतं.

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीत घराणं एकत्र सापडतं, तसं इथे काही नाही. इथे तारखेप्रमाणे घटना लिहिलेल्या, घराणं तुम्ही जुळवायचं. आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं १५३८ साली प्रत्येक पॅरिशनं रजिस्टर ठेवायचा हुकूम काढला, पण पुढची जवळजवळ पावणेतीनशे वर्षं बाप्तिस्म्याची नोंद बहुतेक ठिकाणी एका ओळीची: जॉन, जॉन आणि मेरीचा मुलगा. बापाचा धंदा आणि घराचा पत्ता १८१३ पासून छापील फॉर्म आले तेव्हा नियमानं यायला लागला. दफनाच्या नोंदीत वयही तेव्हापासूनच. आमच्या गावात एकाच वेळी एकाच नावाचे दोन चुलतभाऊ, दोघांच्या बायका मेरी. कोणतं पोर कोणाचं, सांगा बघू. म्हणून बाप्तिस्मा सापडला की आधी दफनाच्या नोंदी चाळायच्या. ज्याला पणजोबांचे आजोबा धरून बसलोय, तो कदाचित तीन आठवड्यांचा असताना गेलेला असतो.

लग्नाच्या साक्षीदारांवरही फार विसंबू नका. १७५४ पासून नवरा-नवरीच्या सह्या किंवा फुल्या आणि साक्षीदार रजिस्टरमध्ये येतात, पण दुसरा साक्षीदार पानोपानी तोच दिसला तर तो नातेवाईक नव्हे, बहुधा चर्चचा क्लार्क.

आमची गाठ शेवटी सुटली ती रजिस्टरमुळे नाही, गरिबांच्या कागदांमुळे. १६६२ च्या कायद्याखाली, पोट भरू न शकणारं कुटुंब ज्या पॅरिशचं कायदेशीर रहिवासी असेल तिकडे परत पाठवता यायचं. असा एक हुकूम आम्हाला मिळाला: दोन मॅजिस्ट्रेटांच्या सह्या, नवऱ्याचं नाव, बायको मेरी, आणि पोरांची नावं वयांसकट, धाकटं ‘साधारण सहा महिन्यांचं’. हाकलून देण्याचा कागद, पण त्यात सबंध घर एका ओळीत उभं! बाप्तिस्म्यांशी वयं ताडून बघितली आणि दोन मेरींचा घोळ मिटला. लग्नानं बायकोला नवऱ्याचंच गाव लागायचं, त्यामुळे जिथे तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं तिथे तिला पोरं घेऊन जावं लागलं असणार. सासूबाई हा कागद बराच वेळ वाचत होत्या, मग एवढंच म्हणाल्या, ‘दॅट एक्सप्लेन्स द मूव्ह.’

फ्रीरेगवर मूळ पानाचा फोटो दिसत नाही, हा मोठा तोटा. नॉरफोकच्या बऱ्याच रजिस्टरांची पानं फॅमिलीसर्चवर फुकट खातं उघडून बघता येतात. ही मॉर्मन चर्चची साइट. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही मायक्रोफिल्म त्याच मंडळींनी केली. पैसे भरून घ्यायच्या एका साइटचंही सदस्यत्व मी घेतलं होतं. जनगणनेसाठी ठीक, पण तिथली ‘सूचना’ म्हणजे दुसऱ्या कुणीतरी न तपासता चिकटवलेली वंशावळ. एकीत आई मुलापेक्षा चार वर्षांनी लहान होती. मुदत संपल्यावर मी ते बंद केलं.

१८३७ नंतरच्या जन्मांसाठी जीआरओची, म्हणजे सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाची, सूची वापरा, तीत आईचं माहेरचं आडनाव मिळतं. आणि नॉर्विचच्या रेकॉर्ड ऑफिसला जाणार असाल तर कॅटलॉगमधले नंबर घरूनच उतरवून न्या. वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिल न्या.