भाच्याची पहिली गाडी: लगाम वेगाला, ताकदीला की रस्त्याला?

धाकट्या बहिणीचा साताऱ्याहून फोन आला. भाच्याला अठरा पूर्ण झाली, कॉलेज पुण्यात कर्वेनगरला, खोली धायरीत. "दादा, गाडी तर द्यावीच लागणार. पण चाळीसच्या वर पळतच नाही अशी एखादी मिळते का रे?" मी हसलो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. हाच प्रश्न न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि उत्तर आयर्लंडच्या सरकारांना पडला, त्यांनी वेगवेगळी उत्तरं काढली, आणि एकाने तर आपलंच उत्तर नंतर खोडून टाकलं.

आपल्याकडे शिकाऊ लायसन सहा महिन्यांचं. तीस दिवस झाले की आरटीओच्या मैदानावर पाय न टेकता आठचा आकडा काढायचा, की पक्कं लायसन हातात. गिअरच्या मोटारसायकलचं ते लायसन शंभर सीसीलाही चालतं आणि हजार सीसीलाही. 'एल' पाटीचं माप नियमात अगदी सेंटीमीटरमध्ये दिलंय, १८ बाय १८, पांढऱ्यावर लाल अक्षर. प्रत्यक्षात नंबरप्लेटवर लाल चिकटपट्टीचे दोन तुकडे दिसतात. शिकाऊने किती वेगाने जावं याबद्दल मात्र वेगळं काही नाही. केंद्राने २०१८ मध्ये दुचाकीसाठी ठरवलेली कमाल मर्यादा, शहरात ६० आणि चौपदरी महामार्गावर ८०, पहिल्या दिवशीच्या पोरालाही तीच आणि तीस वर्षं चालवणाऱ्यालाही तीच.

एक गंमत सांगतो. गाडीवर कोण बसलंय ते पाहून वेगमर्यादा बदलायची, ही कल्पना आपल्या नियमांना अगदीच परकी नाही. चार वर्षांखालचं मूल मागे असेल तर दुचाकी ४० च्या वर न्यायची नाही, त्याला हेल्मेट आणि पट्टा हवा, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. म्हणजे लेकरू मागे असेल तर चाळीस, आणि लेकरूच हँडल धरून बसलं असेल तर साठ-ऐंशी!

तेव्हा नियम घरीच करायचा. लगाम घालायला तीन जागा आहेत: गाडीचा वेग, गाडीची ताकद, आणि ती कुठे, केव्हा, कोणाला मागे बसवून न्यायची हे.

वेगाला लगाम

बहिणीच्या बाजूने आधी बोलतो, कारण गणित तिच्या बाजूचं आहे. ४० च्या वेगाला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, ६० ला जवळजवळ १७. पुढची रिक्षा थांबली हे दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असं धरा, रस्ता कोरडा धरा, ब्रेकही नीट लागले असं धरा. ४० वरून थांबायला साधारण २१ मीटर लागतात, ६० वरून ४०. वेग दीडपट, अंतर जवळपास दुप्पट. नवशिक्याचं याहून वाईट होतं. घाबरला की त्याचा पाय मागच्या ब्रेकवर दाबला जातो, आणि पुढचा ब्रेक, ज्याच्यात खरी थांबवायची ताकद आहे, तो "पुढचा दाबलास तर उडशील" अशा शेजारच्या सल्ल्यामुळे त्याने कधी वापरलेलाच नसतो. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशभरातले अपघाती मृत्यू १,६८,४९१, त्यातले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे, आणि एकूण मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांमागे पोलिसांनी नोंदवलेलं कारण अतिवेग. तिची भीती उगाच नाही.

आता तिकडचं बघू. न्यूझीलंडमध्ये शिकाऊ मोटारसायकलवाल्याला ताशी ७० ची मर्यादा होती. तिथल्या गावाबाहेरच्या रस्त्यांवर सर्वसाधारण मर्यादा १००. म्हणजे सगळ्यात अननुभवी, सगळ्यात उघडा माणूस सगळ्यात हळू, आणि मागून येणारी प्रत्येक गाडी, लाकडाचे ओंडके भरलेल्या ट्रकसकट, त्याला ओलांडायला बघणार. ऑक्टोबर २०१२ मध्ये ही अट काढून टाकली आणि त्याच वेळी ताकदीवर नवं बंधन आणलं. त्याकडे येतोच.

उत्तर आयर्लंडमध्ये शिकाऊला ताशी ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर. परीक्षा पास झाल्यावरही वर्षभर 'आर'ची पाटी लावून तेवढंच. 'आर'वाल्याला मोटरवेवर, म्हणजे तिकडच्या द्रुतगती महामार्गावर, जाता येतं, पण सगळे ११२ ने जात असताना त्याने ७२ ने जायचं! नव्या सुधारणांच्या आराखड्यात तिथेही ही अट मोडीत काढायचं ठरलंय. उलट ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये शिकाऊची मर्यादा टिकून आहे, पण ती ९० आहे. रस्त्याच्या वेगाच्या इतकी जवळ की फारसं कोणाच्या अंगावर येत नाही. शेजारच्या व्हिक्टोरियाने शिकाऊसाठी वेगळा आकडा ठेवलेलाच नाही.

हे सगळं वाचल्यावर मी एक उद्योग केला. बायकोची इलेक्ट्रिक स्कूटर 'इको'वर टाकली, की ती पंचेचाळीसला अडते, आणि एका सकाळी नवले पुलापासून वारज्याकडे बायपासच्या मुख्य रस्त्याने निघालो. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून खाली येणारा तो उतार पुणेकरांना सांगायला नको. अवजड गाड्या तिथून कशा येतात आणि ब्रेक निकामी झाले की काय होतं, हे आपण दर काही महिन्यांनी पेपरात वाचतो. डाव्या कडेला चिकटून चाललो होतो. मिनिटभरात आरसा भरून गेला. ट्रक दिसला म्हणत नाही मी, आरशात फक्त जाळी दिसत होती, वर लिंबू-मिरची. हॉर्न वाजला तो कानाने नाही, पाठीने ऐकला. मूठ पूर्ण पिळलेली होती, काटा पंचेचाळीसवर, आणि गाडीत आणखी द्यायला काही नव्हतं. पहिल्या फटीतून सर्व्हिस रोडला उतरलो आणि पाच मिनिटं नुसता उभा राहिलो.

तीच स्कूटर, त्याच मोडवर, कर्वेनगरच्या आतल्या गल्ल्यांतून नेली. मर्यादा आहे हे जाणवलंसुद्धा नाही. तिथे पंचेचाळीसला पोचायलाच जागा मिळत नाही.

म्हणून वेगाच्या लगामाबद्दल माझं मत असं: तो वाईट नाही, पण ज्या रस्त्यावर बाकीचेही तेवढेच हळू आहेत तिथेच तो रक्षण करतो. नेमकी तिथे त्याची गरज कमी असते.

बहिणीने "ती बिनलायसनची बॅटरीची स्कूटर?" असंही विचारलं होतं. २५० वॉटच्या आतली, ताशी २५ च्या वर न जाणारी, ना नोंदणी ना लायसन. वाणसामान आणायला ठीक. धायरी ते कर्वेनगर रोज, सिंहगड रोडवरून, पीएमपीएमएलच्या बसच्या पुढ्यात, मी तरी नाही देणार. शिवाय कागदपत्रं लागत नाहीत म्हणून पोरं हेल्मेटही घालत नाहीत.

ताकदीला लगाम

वेगाचा नाद सोडून न्यूझीलंडने जे आणलं ते असं: शिकाऊला ६६० सीसीपर्यंतची गाडी चालेल, पण ताकद आणि वजन यांचं गुणोत्तर टनामागे १५० किलोवॅटच्या आत हवं. ऑस्ट्रेलियातही हीच चाळणी. कल्पना चांगली आहे. सीसी बघू नका, गाडी किती झटक्याने उसळते ते बघा. तिथे त्याआधी २५० सीसीची हद्द होती, आणि जुन्या टू-स्ट्रोक अडीचशे रेसच्या गाड्या कागदावर 'लहान' म्हणून नवशिक्याच्या हाती पडत. आता त्या नावानिशी वगळल्या आहेत.

पण ही चाळणी घेऊन पुण्यातल्या शोरूममध्ये गेलात तर तिच्यातून जवळजवळ सगळंच गळून खाली येतं. साडेतीनशेची बुलेट? पास. ३९० ड्यूक? तिकडे शिकाऊंच्या यादीत आहे. भाच्याच्या मनात जी जी गाडी आहे ती सगळी पास. त्याला हे सांगू नका.

आपल्या उपयोगाची चाळणी ब्रिटनची. शिकाऊला १२५ सीसी आणि ११ किलोवॅट, त्यावर नाही. पुढे एकोणिसाव्या वर्षी परीक्षा देऊन ३५ किलोवॅटपर्यंत, आणि थेट कुठलीही मोठी गाडी हवी तर चोविसाव्या वर्षी. १९८३ पर्यंत तिथेही शिकाऊला २५० चालत होती, ती हद्द खाली आणली. सिंगापूरची शिडी अशीच, २०० मग ४०० मग पुढे. आपल्या दुकानातली १०० ते १२५ ची कुठलीही मोटारसायकल किंवा गिअर नसलेली स्कूटर या हद्दीत बसते.

इथे एक अडचण आहे आणि ती दुकानदार आपणहून सांगत नाही. १२५ च्या वरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं ते २०१८-१९ मध्ये. त्याखालच्या गाड्यांना तेव्हा सीबीएसवर सूट मिळाली. सीबीएस म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसराही थोडा लागतो. चाक जाम होऊन घसरणं त्याने थांबत नाही. म्हणजे पोरगा जपायचा म्हणून लहान गाडी घ्यावी, तर पहिल्या पावसात सिग्नलच्या पांढऱ्या पट्ट्यावर त्याला वाचवणारी वस्तूच जाते. यावर तोडगा आहे: १२५ च्या काही मोटारसायकलींना पुढच्या चाकाला एबीएस मिळतं, किंमत थोडी जास्त. मी असतो तर तिथेच पैसे घातले असते आणि अलॉय व्हील, ब्लूटूथ वगैरेवर पाणी सोडलं असतं.

आणि १२५ म्हणजे सुरक्षित असं कोणी समजू नये. साधी ११० ची स्कूटरही ऐंशीला जाते. ताकदीच्या लगामाने एवढंच होतं की क्लच सुटला, मूठ चुकून पिळली गेली, तर गाडी हातातून निसटत नाही. चूक माफ होते. आमच्या वेळी हे काम पन्नास सीसीच्या लुनाने केलं, चढावर पॅडल मारावं लागे अशी गाडी माणसाला उन्मत्त होऊच देत नाही. आज सोळा वर्षांच्या मुलाला कायद्याने पन्नास सीसीची परवानगी आहे, फक्त दुकानात तशी गाडी उरलेली नाही. तरी अठराच्या आधी मोठी गाडी हातात देणारे पालक आहेतच. त्यात पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही, हे २०१९ पासूनचं आहे.

कुठे, केव्हा, कोणाला घेऊन

न्यूझीलंडने सत्तरची अट काढली, पण शिकाऊने रात्री दहा ते पहाटे पाच गाडी चालवायची नाही आणि मागे कोणाला बसवायचं नाही, या अटी ठेवल्या. ब्रिटनमध्ये शिकाऊला मोटरवे बंद, डबलसीट बंद. त्याच्याही आधी एक दिवसाचं प्रशिक्षण: मोकळ्या मैदानावर, मग प्रशिक्षकासोबत किमान दोन तास रस्त्यावर, त्याशिवाय एकट्याने निघायचंच नाही. १९९० पासून. आपल्या आठच्या आकड्यात गाडी दुसऱ्या गिअरलाही जात नाही, अचानक ब्रेक मारून कोणी दाखवायला सांगत नाही.

डबलसीटबंदी आपल्या नियमातही आहे. शिकाऊ लायसनवर प्रशिक्षकाशिवाय कोणालाही मागे बसवता येत नाही. पाळतं कोण ते सोडा, पण घरात पाळण्यासारखा हाच सगळ्यात सोपा नियम. मागे साठ किलोचा मित्र बसला की गाडी उशिरा थांबते, वळणावर वेगळी झुकते, आणि मुख्य म्हणजे मागचा बोलत असतो. "अरे घे ना पुढे, जाईल." एकट्या पोराने जे केलं नसतं ते दोघांत होतं.

तिन्ही शेजारी ठेवून पाहिलं तर मला हा तिसरा लगाम सगळ्यात जास्त पटतो. वेगाचा आकडा घरी बसून तपासता येत नाही. स्कूटरचा मोड एका बोटाने बदलतो. पहिल्या आठवड्यात तो 'स्पोर्ट'वर सापडणार हे मी लिहून देतो. ताकदीची निवड एकदाच होते, विकत घेताना. रस्ता, वेळ आणि सोबत मात्र विचारता येते, दिसते, आणि मोडली तर दुसऱ्या कोणाकडून का होईना, कळतेच.

बहिणीला मी पाठवलं ते एवढं. १२५ ची, पुढे एबीएस असलेली. शक्यतो पाऊस संपल्यावर. पहिले दोन रविवार मी त्याला मोकळ्या जागेत फक्त पुढचा ब्रेक दाबायला लावतो, वीसवर, मग तीसवर, मग चाळीसवर, कंटाळा येईपर्यंत. धायरीहून सिंहगड रोड, राजाराम पूल, कर्वेनगर. बायपासला चाक लावायचं नाही, दहा मिनिटं वाचली तरी. रात्री नऊनंतर गाडी खोलीखाली. वर्षभर मागची सीट रिकामी. दोन हेल्मेट घेऊ नकोस, दुसरं घेतलंस की दुसरा बसतो.

दहा मिनिटांत तिचा मेसेज: "तो विचारतोय, मग गणपतीला साताऱ्याला गाडी घेऊन यायचं की नाही?"

खंबाटकीचा घाट, महामार्ग, आदल्या रात्रीची गर्दी. लिहिलं, "स्वारगेटहून विनाथांबा एसटी आहे. बॅग मांडीवर घेऊन यावं."